दीर्घ आजारातलं मूल वाचनात मागे पडतं तेव्हा

मुलाला मोठा, लांबणारा आजार झाला की घरात वाचनाचा विचार सगळ्यात शेवटी येतो, आणि ते साहजिकच आहे. आधी औषधं, तपासण्या, ताप, वजन, डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख. पण मुलांच्या कितीतरी गंभीर आजारांवर आज चांगले उपचार आहेत. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर घ्या. चांगल्या उपचारकेंद्रांत त्यातली 90 टक्क्यांच्या आसपास मुलं वाचतात. टाइप 1 डायबेटिस, दमा, एपिलेप्सी (फिट येण्याचा आजार), थॅलेसेमिया (वारंवार रक्त चढवावं लागणारा आनुवंशिक आजार), किडनीचे विकार असलेली मुलंही मोठी होतात, शिकतात, संसार करतात. म्हणजे या मुलापुढे लांबलचक आयुष्य आहे आणि त्यात त्याला वाचता येणं लागणार आहे. इतरांपेक्षा जास्तच लागेल, कारण स्वतःचे रिपोर्ट, औषधांच्या सूचना आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुढे त्यालाच वाचायची आहे.

मी अशा मुलांना वाचायला शिकवते. पालक पहिल्या भेटीत बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात: "आजारपणामुळे मागे पडलाय, बरा झाला की घेईल भरून." काही मुलं खरंच घेतात. बरीच घेत नाहीत. "मागे पडलाय" हे निदान झालं नाही. वाचन म्हणजे अनेक छोट्या कौशल्यांची जुळणी असते आणि आजार त्या सगळ्यांना सारखा धक्का लावत नाही. नेमकं काय निसटलंय हे कळलं, तर दिवसातली दहा-पंधरा मिनिटंही पुष्कळ काम करतात. ते न कळता तासन्‌तास बसवलं, तर मूल दमतं आणि वाचन तिथल्या तिथेच राहतं.

वाचताना नेमकं काय होतं

फिलिप गफ आणि विल्यम टन्मर या दोन अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. आजही ते मला फार उपयोगी पडतं. त्यांच्या मते वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे. पहिली गोष्ट अक्षरं ओळखून शब्द उच्चारता येणं, दुसरी ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येतं. मुलाला भाषा कितीही छान येवो, अक्षरं लागत नसतील तर पान मुकं राहतं. अक्षरं खडाखडा लागतात पण शब्दांचे अर्थच माहीत नाहीत, तरीही तेच होतं.

आजारी मुलांमध्ये या दोन बाजूंचं चित्र बरेचदा फार विषम असतं. अक्षरं लावण्याचं काम शाळेत टप्प्याटप्प्यानं शिकवलं जातं, त्यामुळे गैरहजेरीचा फटका थेट तिथे बसतो. भाषा मात्र कधीकधी पुढे गेलेली असते. महिनोन्‌महिने मोठ्यांच्या सहवासात राहिलेलं सहा वर्षांचं मूल "प्लेटलेट्स उतरल्यात का?" असं सहज विचारतं, आणि तेच मूल पुस्तकातल्या चार ओळींशी झगडत असतं. उलटही घडतं. दिवसभर पडद्यासमोर गप्प पडून राहिलेल्या, बोलायला कुणी नसलेल्या मुलाची शब्दसंपत्तीच थांबून जाते. दोघांनाही आपण "वाचनात कच्चं" म्हणतो, पण दोघांना लागणारी मदत अगदी वेगळी आहे.

तिसरी गोष्ट कार्यकारी स्मृती, म्हणजे हातात घेतलेलं काम होईपर्यंत लागणाऱ्या गोष्टी मनात धरून ठेवण्याची जागा. ती स्वयंपाकाच्या ओट्यासारखी समजा. ओटा छोटा असेल आणि त्यावर आधीच पसारा असेल, तर नवं भांडं ठेवायला जागा उरत नाही. एकेक अक्षर जुळवण्यातच सगळी जागा जात असेल, तर वाक्याचा अर्थ लावायला काही शिल्लक राहत नाही. दुखणं, मळमळ, अपुरी झोप, उद्याच्या सुईची भीती हे सगळं त्याच जागेत येऊन बसतं. म्हणून कालपर्यंत बरं वाचणारं मूल आज अडखळतं. तो आळस नसतो.

या सगळ्याला काळाचाही एक हिशेब आहे. ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, जास्त वाचतो म्हणून नवे शब्द मिळतात, आणि त्या शब्दांमुळे पुढचं वाचन सोपं होतं. ज्याला जमत नाही तो टाळतो आणि आणखी मागे राहतो. वाचनातलं हे वाढत जाणारं अंतर वाचनाचे अभ्यासक कीथ स्टॅनोविच यांनी 1986 मध्येच नीट उलगडून दाखवलं. शाळेच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मूल वाचायला शिकतं. त्यानंतर इतिहास, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणं हे सगळं वाचूनच शिकायचं असतं. आजार नेमका त्या सुरुवातीच्या वर्षांत आला, तर त्याची सावली पुढच्या प्रत्येक विषयावर पडते. म्हणून पूर्ण बरं होईपर्यंत थांबणं महागात पडतं.

आजार वाचनात कुठून शिरतो

सगळ्यात उघड वाट म्हणजे बुडालेली शाळा. तिथलंही एक बारीक सत्य सहसा लक्षात येत नाही. सलग दोन महिन्यांची गैरहजेरी सगळ्यांना दिसते, शिक्षक सवलत देतात. थॅलेसेमियाचं मूल दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवून घ्यायला जातं, दम्याचं मूल महिन्यात तीन-चार दिवस घरी राहतं. या सुट्या कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, पण शिकवण्याची साखळी त्यांनीच जागोजागी तुटते.

दुसरीतला एक मुलगा आठवतो. नेफ्रोटिक सिंड्रोम हा किडनीचा आजार होता, अंगावरची सूज वारंवार उलटायची. आईचं म्हणणं, "सगळं येतं त्याला, फक्त आत्मविश्वास नाही." मी त्याला एक कधी न पाहिलेला उतारा दिला. "आजोबा घरी आले" हे त्यानं सरळ वाचलं. काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळं ठीक. मग "रस्ता" आला. तो "रसता" म्हणाला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "सूर्य"चं "सूयर" झालं. "पुस्तक" मात्र झटकन वाचलं. म्हणून मी कागदावर "मस्तक" लिहिलं, तर तिथे तो अडला. म्हणजे "पुस्तक" तो अक्षरं लावून वाचत नव्हता, रोज डोळ्यांसमोर असलेल्या त्या शब्दाचा आकार त्याच्या ओळखीचा झाला होता. आईकडून कळलं की वर्गात जोडाक्षरं झाली तेव्हा तो सलग घरी होता. आत्मविश्वासाचा प्रश्न नव्हताच, जोडाक्षरांचा एक तुकडा गळाला होता. तेवढाच तुकडा घेऊन बसलो: आधी अर्धा स, मग त्याच्या जोड्या, मग रफार. रफार लिहितात पुढच्या अक्षरावर आणि उच्चारतात त्याच्या आधी, हे कुणीतरी सांगितल्याशिवाय मुलाला कळणार कसं? काही आठवड्यांत तो वर्गाबरोबर वाचू लागला.

देवनागरी शिकताना असे ठरावीक खाचखळगे येतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. एकच "र" कधी डोक्यावर बसतो, कधी पायाशी येतो, "ट्रक"मध्ये वेगळा दिसतो, "वाऱ्याची"मध्ये आणखी वेगळा. ख आणि रव, घ आणि ध यांतला फरक डोळ्यांना सरावानंच कळतो. सुटलेला धागा शोधताना आधी इथे पाहावं.

दुसरी वाट शक्तीची. रक्त घ्यायची तारीख जवळ येते तसं थॅलेसेमियाच्या मुलाचं हिमोग्लोबिन उतरत जातं, त्या शेवटच्या दिवसांत ते मरगळलेलं असतं. किडनी काम करेनाशी झाल्यावर यंत्रानं रक्त शुद्ध करतात, ते हिमोडायलिसिस बहुतेक वेळा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी तीन-चार तास चालतं. सत्राच्या शेवटच्या टप्प्यात रक्तदाब उतरून गळून गेल्यासारखं होऊ शकतं. दम्याच्या मुलाची झोप रात्रीच्या खोकल्यानं मोडते. मोठ्यानं वाचताना अशा मुलाचा श्वास वाक्याच्या शेवटापर्यंत पुरत नाही, ते मध्येच थांबतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की वाचन तुटक आहे. केमोथेरपीनं तोंड आलं असेल तर मोठ्यानं वाचणं म्हणजे प्रत्येक शब्दाला वेदना. त्या दिवसांत मनात वाचू द्यावं आणि उत्तर बोटानं दाखवू द्यावं.

तिसरी वाट थेट मेंदूची. हे वाचून घाबरू नका, पण ते माहीत असायला हवं. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तीव्र प्रकारात साधारण एक तृतीयांश मुलांच्या मेंदूत वाढत्या वयात छोट्या, बाहेरून काहीच न जाणवणाऱ्या इजा होतात. त्यांना "सायलेंट" म्हणतात, कारण हातपाय व्यवस्थित चालतात. फरक पडतो तो लक्ष आणि कामाच्या वेगात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये मेंदूच्या बचावासाठी पाठीच्या कण्यातल्या द्रवात औषध देतात, काही मुलांना डोक्याला रेडिएशनही द्यावं लागतं. त्याचा लक्षावर, कार्यकारी स्मृतीवर आणि विचारांच्या वेगावर होणारा परिणाम उपचार संपल्यावर कधीकधी काही वर्षांनी दिसू लागतो. सगळ्यांना वाटतं, आजार संपला, आता काय कारण? टाइप 1 डायबेटिसमध्ये साखर खाली गेली की मेंदूला इंधन कमी पडतं, आणि साखर पूर्ववत झाल्यावरही लक्ष जागेवर यायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. एपिलेप्सीच्या एका प्रकारात झटका फक्त काही सेकंदांचा असतो, मूल शून्यात बघतं आणि पुन्हा सुरू होतं. दिवसात असे कितीतरी झटके येऊ शकतात. वाचताना ओळ हरवणारं, वाक्याचा मधलाच भाग गाळणारं मूल "धांदरट" ठरवण्याआधी हे आठवावं.

औषधांचं तसंच. टोपिरामेट हे एपिलेप्सीचं औषध काही मुलांमध्ये नेमका शब्द आठवण्याच्या आड येतं. स्टिरॉइड्सनी झोप आणि मनःस्थिती बिघडते. झोप आणणारी अ‍ॅलर्जीची औषधं सकाळपर्यंत रेंगाळतात. डॉक्टरांना न विचारता औषध बंद करणं किंवा वेळ बदलणं धोक्याचं आहे. मात्र "हे औषध सुरू झाल्यापासून वाचन बदललंय" एवढं त्यांना नक्की सांगा, पुष्कळदा पर्याय असतो.

कान आणि डोळे यांचा विचार तर कितीतरी घरांत होतच नाही. सिसप्लॅटिनसारखी कॅन्सरची औषधं आणि अमिकासिन, जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक्स वरच्या पट्टीचं ऐकणं कमी करू शकतात. मूल हाक ऐकतं, गप्पा मारतं, पण "स", "श", "फ" असे बारीक आवाज त्याला अस्पष्ट येतात. जो ध्वनी नीट ऐकूच येत नाही त्याचं अक्षर पक्कं होणार कसं? लहान मुलांच्या संधिवातात डोळ्याला आतून सूज येऊ शकते आणि ती बहुधा लाली किंवा दुखण्याशिवाय येते, म्हणून तक्रार नसतानाही डोळ्यांची ठरलेली तपासणी चुकवायची नसते. वाचनाची शिकवणी लावण्याआधी कान-डोळे तपासून घ्या, असं मी प्रत्येक पालकांना आग्रहानं सांगते.

शेवटची वाट आपल्या मायेतून जाते. आजारी लेकराला त्रास नको म्हणून आपण त्याच्याकडून काहीच मागत नाही. शिक्षक त्याला वाचायला उभं करत नाहीत. हे सगळं प्रेमापोटी होतं, पण मूल त्यातून समजून घेतं की आपल्याकडून कुणाला काही अपेक्षा नाही. काम हलकं करावं, अपेक्षा काढून घेऊ नये. पाच ओळींऐवजी दोन ओळी द्या, पण त्या दोन नीट वाचून घ्या.

घरी करायची छोटी तपासणी

मूल ताजंतवानं असेल अशी वेळ निवडा. त्याच्या इयत्तेला साजेसे, साधारण सारख्याच अवघडपणाचे आणि त्यानं न पाहिलेले दोन उतारे घ्या. पहिला त्याला मोठ्यानं वाचू द्या. मध्ये दुरुस्त करू नका, तुमच्याकडच्या प्रतीवर चुकलेल्या शब्दाखाली त्यानं काय वाचलं ते लिहा. झाल्यावर चार साधे प्रश्न विचारा. थोड्या विश्रांतीनंतर दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि त्यावरही तसेच प्रश्न विचारा.

ऐकलेलं छान समजलं आणि वाचलेलं समजलं नाही, तर अडचण अक्षरांच्या बाजूची आहे. चुकांची यादी बघितली की कोणत्या गटाची अक्षरं सुटलीत तेही दिसतं. दोन्ही समजलं नाही, तर भाषेवर आणि शब्दांवर काम हवं. सगळं बरोबर वाचलं पण फार हळू, तर ओघ नाही, म्हणजे सराव कमी पडलाय. आणि पहिल्या चार ओळी सुरेख गेल्या, मग चुकांची रांग लागली, तर कौशल्य आहे, शक्ती संपतेय. हा शेवटचा प्रकार फार वेळा चुकीचा ओळखला जातो. अशा मुलाला जास्त सराव दिला तर त्याचं नुकसान होतं, त्याला छोटे हप्ते आणि मध्ये विश्रांती लागते.

एका तपासणीवरून मात्र निष्कर्ष काढू नका. आठवडा-दोन आठवडे वहीत रोज एक ओळ लिहा: किती वाजता वाचलं, औषधानंतर किती वेळानं, झोप कशी होती, वाचन कसं झालं. या ओळी ओळीनं वाचल्या की मुलाची चांगली वेळ आपोआप समोर येते. कुणाची सकाळची असते. संधिवाताच्या मुलाचे सांधे सकाळी आखडलेले असतात, त्याची दुपारनंतरची. डायलिसिसच्या मुलानं वाचायचं ते सत्राच्या सुरुवातीला. सगळ्यात चांगली वेळ गृहपाठाला खर्च न करता वाचनाला द्या. वाचन सुधारलं की गृहपाठालाही वेळ कमी लागतो.

रोजची दहा मिनिटं

रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा रोज दहा मिनिटं जास्त टिकतात. थोडं विसरायला लागल्यावर पुन्हा आठवायला लावलं की ते पक्कं होतं, शिकण्याच्या शास्त्रातला हा फार जुना आणि वारंवार तपासलेला निष्कर्ष आहे. आजारी मुलासाठी तर तो वरदानच, कारण तासभर बसण्याची ताकद त्याच्याकडे नसते.

या दहा मिनिटांत काय करायचं ते तपासणीत काय दिसलं त्यावर ठरतं. अक्षरांची बाजू कच्ची असेल तर एकच गट घ्या आणि तो पक्का होईपर्यंत पुढे जाऊ नका. आज "स्त"चे शब्द: रस्ता, मस्त, स्वस्त, शिस्त. आधी ऐकवा, मग तोडून दाखवा, मग वाचू द्या, शेवटी त्यातले दोन लिहून घ्या. हाताने लिहिलं की अक्षराची घडण लक्षात राहते. सलाइनची सुई कोणत्या हाताला लावायची हे ठरत असेल तेव्हा "हा लिहिता हात आहे, दुसरा बघता येईल का?" असं नर्सना विचारायला संकोचू नका. शक्य असलं तर त्या बघतात.

ओघ कमी असेल तर एकच छोटा उतारा पुन्हापुन्हा वाचणं हा जुना, खात्रीचा उपाय आहे. अमेरिकेतले वाचनतज्ज्ञ जे सॅम्युएल्स यांनी 1979 मध्ये तो मांडला. 50 ते 200 शब्दांचा उतारा ठरलेला वेग येईपर्यंत वाचायचा, मग नवा घ्यायचा. त्यांना आढळलं की प्रत्येक नव्या उताऱ्याला आधीपेक्षा कमी वाचनं लागतात. आधी तुम्ही वाचा, मग दोघं एका सुरात, मग मूल एकटं. आजारपणात ज्याच्या हातात काहीच नसतं, त्या मुलाला "काल अडखळलो ते आज सलग वाचलं" ही जाणीव किती मोठी असते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

भाषेची बाजू कच्ची असेल तर वाचून दाखवा आणि बोला. नुसतं वाचत जाऊ नका, थांबून विचारा: "आता ती काय करेल असं वाटतं?" "तू तिथे असतास तर?" मुलानं एका शब्दात उत्तर दिलं तर त्याचं वाक्य करून परत द्या. अक्षरं न लागणाऱ्या मुलालाही त्याच्या वयाच्या गोष्टी ऐकायला मिळाल्याच पाहिजेत. त्याचं वाचन मागे आहे म्हणून त्याचे विचार आणि शब्दही तिथेच थांबवून ठेवले, तर उद्या अक्षरं लागली तरी गुणाकारातली दुसरी संख्या छोटीच राहील. ऑडिओबुक इथे फार कामाचं आहे, समोर छापील मजकूर असेल आणि बोट ओळीवरून फिरत असेल तर आणखी चांगलं.

दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलाचं पुस्तक दिलं की ते मिटवून ठेवतं. ते अपमान समजतं, आणि बरोबरच समजतं. अशा वेळी माझ्या हाताशी एक उपाय कायम असतो. मूल बोलतं, मी त्याच्याच शब्दांत लिहिते आणि मग ते तेच वाचतं. शेजारच्या पलंगावरचा दोस्त, एक्स-रे मशीनचा आवाज, घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करणार, असा कुठलाही विषय चालतो. शब्द त्याच्या तोंडचे असतात म्हणून अर्थाशी झगडावं लागत नाही, सगळं लक्ष अक्षरांवर राहतं. आठ-दहा पानं झाली की दोऱ्यानं शिवून पुस्तक करायचं. हे पुस्तक मुलं स्वतःहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचून दाखवतात, म्हणजे पुन्हापुन्हा वाचणं आपोआप होतं.

आजारातच वाचण्याचं खरं कारणही दडलेलं आहे. साखरेची नोंदवही, इनहेलर कसा घ्यायचा त्याच्या पायऱ्या, आजच्या औषधांची नावं मुलाला वाचू द्या, लिहू द्या. औषध देण्याची जबाबदारी मोठ्यांचीच, शेवटची खात्रीही त्यांनीच करायची. पण "माझ्या कागदावर काय लिहिलंय ते मला वाचता येतं" हा अधिकार मुलाला लवकर मिळावा असं मला मनापासून वाटतं.

काही साध्या सोयींनीही फरक पडतो. मोठी अक्षरं, दोन ओळींत मोकळी जागा, ओळ हरवत असेल तर तिच्याखाली धरायला पुठ्ठ्याची पट्टी, झोपून वाचणाऱ्यासाठी पुस्तक टेकवायला स्टँड. प्रतिकारशक्ती फार खाली असताना अनेकांच्या हातांतून गेलेली पुस्तकं चालतील का ते डॉक्टरांना विचारा. पुसता येणारा टॅब किंवा नवं कोरं पुस्तक हा पर्याय असतोच.

ज्या दिवशी काहीच जमत नाही

असे दिवस येणारच. त्यांच्यासाठी आधीच ठरवून ठेवा, म्हणजे मुलाला हरल्यासारखं वाटत नाही आणि तुम्हालाही अपराधी वाटत नाही. माझा साधा नियम आहे: चांगल्या दिवशी मूल वाचतं, मधल्या दिवशी एक ओळ मूल आणि एक ओळ मी, वाईट दिवशी फक्त मी. कोणता दिवस आहे ते मुलानं सांगायचं.

वाईट दिवशी नुसतं गोष्ट ऐकणं म्हणजे वेळ वाया घालवणं, असं अनेकांना वाटतं. ब्राझीलमध्ये अतिदक्षता विभागातल्या 81 मुलांवर झालेला आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्यांना मी सांगते. काही मुलांना अर्ध्या तासाच्या आसपास गोष्टी सांगितल्या, काहींशी तेवढाच वेळ कोडी खेळली. दोन्ही गटांत वेदना आणि ताणाचं संप्रेरक कमी झालं, पण गोष्ट ऐकलेल्या मुलांमध्ये ठळकपणे जास्त. नंतर हॉस्पिटल, नर्स, डॉक्टर यांची चित्रं दाखवली, तेव्हा गोष्ट ऐकलेली मुलं त्यांच्याबद्दल अधिक चांगल्या शब्दांत बोलली. त्याखेरीज गोष्टीतून शब्द येतात, लांब वाक्यांची सवय होते. वाचनाचं काम त्या दिवशीही चालूच असतं.

शाळेकडून काय मागायचं

बहुतेक पालक बुडालेल्या सगळ्या वह्या मागतात. मग मूल महिनाभर नुसतं उतरवत बसतं आणि शिकत काहीच नाही. त्यापेक्षा शिक्षकांना विचारा: "या काळात वाचनातलं नवं काय शिकवलं?" उत्तर दोन-तीन गोष्टींचंच येतं, त्या घरी शिकवा. गृहपाठाचं प्रमाण कमी करून मागा, पातळी नको. दहातले चार प्रश्न, पण तेच. परीक्षेत जास्त वेळ आणि मध्ये विश्रांती मागा. विचारांचा वेग मंदावलेल्या मुलाला वेळ वाढवून देणं ही मेहेरबानी नव्हे, त्याला जे येतं ते दाखवण्याची संधी आहे. वर्गासमोर अचानक वाचायला उभं करू नये, आदल्या दिवशी उतारा सांगावा, हीही विनंती करा. आणि घरी असताना वर्गातल्या एखाद्या मित्राबरोबर व्हिडिओ कॉलवर आळीपाळीनं एक पान वाचायची सोय झाली, तर मैत्रीही टिकते.

डॉक्टर किंवा तज्ज्ञांकडे कधी जायचं

काही खुणा शिकवणीच्या नसतात. आधी येत असलेलं वाचन मुलाला येईनासं झालं, वाचताना मध्येच नजर थिजते, डोकेदुखी किंवा दोन-दोन दिसू लागलं, बोलणं अडखळायला लागलं, तर थेट डॉक्टरांकडे जा. सिकल सेलच्या मुलाचं बोलणं किंवा एक बाजू अचानक बिघडली तर ती तातडीची वेळ आहे, तासभरही थांबू नका.

दुसरी शक्यता डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षरं आणि शब्द लावायला मुळातच जड जाण्याची. अनेक निरोगी मुलांमध्ये असतो तसा तो आजारी मुलांमध्येही असू शकतो, पण सगळं खापर आजारावर फुटतं आणि तो वर्षानुवर्षं लपून राहतो. काही महिने नेमकी, नियमित मदत मिळूनही अक्षरं बसत नसतील, किंवा आजाराआधीही अडचण होती असं आठवत असेल, किंवा घरात आणखी कुणाला तसा त्रास असेल, तर वाचनाची रीतसर तपासणी करून घ्या.

मेंदूवर परिणाम होऊ शकणारे उपचार झालेल्या मुलांच्या बाबतीत न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या कामाची तपासणी करणाऱ्या मानसतज्ज्ञांकडून) लक्ष, स्मरण, वेग आणि वाचन यांची तपासणी उपचार संपताना एकदा आणि पुढे शिक्षणाच्या प्रत्येक मोठ्या टप्प्यावर करून घेणं चांगलं. प्राथमिक शाळेत न दिसलेली अडचण माध्यमिकमध्ये, धडे लांब झाले की वर येते. म्हणून एक कागद तयार ठेवा आणि दर वर्षी नव्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या: आजाराचं नाव, चालू औषधं, दिवसातली चांगली वेळ, वाचनात आत्ता काय पक्कं आहे, काय चालू आहे, कोणती सवलत उपयोगी पडली आणि काय दिसलं तर घरी लगेच फोन करायचा. कागद मुलाला आधी वाचून दाखवा. वाचता येत असेल तर त्यालाच वाचू द्या, आणि त्याला काही खोडायचं किंवा घालायचं असेल तर ते त्याच्या हातानं करू द्या.